नंदीबैलात पुढे कोण होतं?

या ग्रुपवर शिकलेली माणसं लिहितात, म्हणून आधीच हात जोडतो. मी सातवी नापास. हे मी टाइप करत नाहीये, मोबाईलसमोर बोलतोय आणि तो बिचारा लिहून घेतोय. चुका दिसल्या तर अर्ध्या त्याच्या.

भूतबित मी कधी मानलं नाही. धाडसी आहे म्हणून नाही हो... भूत माणसाकडे काहीतरी मागायला येतं असं ऐकलंय, आणि माझ्याकडे मागण्यासारखं काही नाही. आमचा शामियान्याचा धंदा. स्मशानाला लागून असलेल्या हॉलात मंडप घालून तिथेच खुर्च्या जोडून झोपलोय. डास चावले, भूत चावलं नाही. आमची मालती, म्हणजे माझी बायको, म्हणते, "तुमच्यापुढे उभं राहून भूतच कंटाळेल. तुम्हाला कळायलाच किती वेळ लागतो!"

तिचं खरं निघालं. मला खरंच कळायला वेळ लागला.

झालं ते गेल्या ऑक्टोबरात, व्हाइटफील्डला, माझ्या धाकट्या भावाच्या अपार्टमेंटमध्ये. दिवसाउजेडी नाही, पण संध्याकाळच्या लख्ख लाइटात, शंभरभर माणसांच्या मध्ये. आता सांगून टाकतो. मनात ठेवायलाही ताकद लागते, आणि ती हल्ली दुसरीकडे खर्च होते.

आम्ही बेंगळूरचेच, कितीतरी पिढ्यांपासून. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि भांडताना जे आधी तोंडात येईल ते. मी आणि मालती बसवनगुडीत राहतो, शामियान्याच्या गोडाऊनमागे दोन खोल्या आहेत तिथे. धाकटा गिरीश इंजिनियर. आईबापाकडे डोक्याचं जेवढं सामान होतं ते त्यांनी त्याच्यासाठी राखून ठेवलं होतं बहुतेक, मला नुसता डबा दिला. त्याचं ऑफिस महादेवपुऱ्याला. त्याची बायको वैदेही पुण्याची, तीही आयटीतच, पण घरून काम करते. त्यांची मुलगी इरा, नऊ वर्षांची. आणि आमचे वडील, अप्पा. जन्मभर शामियान्याची कापडं शिवली त्यांनी. त्यांच्यासाठीच ही सगळी कथा आहे.

गिरीशच्या अपार्टमेंटमध्ये हॅलोवीन करतात. इराच्या लहानपणी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा आम्ही सगळे तिथे जेवायला बसलो होतो. वैदेहीनं समजावून सांगितलं. पोरं भुताखेतांची सोंगं घेतात, दारोदार जातात, लोक चॉकलेटं देतात.

अप्पांनी घास हातातच धरला. "सोंग घेऊन दारोदार जायचं आणि मागून खायचं?"

"हो अप्पा. ट्रिक ऑर ट्रीट म्हणतात त्याला."

"अय्यो, मग हे आपले नंदीबैलवालेच की! एवढं इंग्लिश कशाला?"

नंदीबैल आता शहरात कुणी बघितला नसेल, म्हणून सांगतो. सजवलेला बैल घेऊन माणूस दारात येतो, ढोलकं घुमवतो, बैलाला प्रश्न विचारतो — पाऊस पडंल का, पोरीचं लग्न ठरंल का — आणि बैल मान हलवून हो की नाही ते सांगतो. मग आपण सुपातून धान्य घालायचं. आमच्या इकडे कन्नडमध्ये कोलेबसवा म्हणतात. अप्पांचं एकदा ठरलं म्हणजे ठरलं. बाकी पोरं ऑनलाइन मागवलेले व्हँपायर नि चेटकिणी होणार, आणि आमची इरा नंदीबैलवाली होणार.

बैल घरी केला. जुन्या मंडपाचं पांढरं कापड, आत बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, पाइप तापवून वाकवलेली शिंगं, मालतीच्या लग्नातल्या साडीची झूल, गळ्यात घुंगरांचा पट्टा. चार पाय म्हणजे दोन माणसं. पुढचे पाय अप्पा. मागचे पाय कोण, हे विचारायला नको. अप्पा म्हणाले, "तुला काही बघायचं नाही, बोलायचं नाही, डोकं लावायचं नाही. तुझ्यासारख्याला याहून चांगलं काम मिळायचं नाही."

पहिल्या वर्षी आम्हाला बक्षीस मिळालं. सर्टिफिकेटवर 'बेस्ट काऊ' छापलं होतं. अप्पांनी ते भिंतीवर लावू दिलं नाही.

मग दरवर्षीच सुरू झालं. वैदेही भोपळा कोरायची, आणि आतला गर फुकट जायला नको म्हणून मालती त्याचे घारगे करायची. आकाशकंदील आणि दात काढलेला भोपळा एकाच बाल्कनीत.

बैलाच्या आत कसं असतं ते सांगतो, कारण पुढे लागेल. पुढच्याला बैलाच्या गळ्यातल्या भोकातून समोरचं दिसतं, आणि हातात एक दांडा असतो, तो हलवला की मान हलते. मागचा कमरेत वाकून पुढच्याच्या कमरेचा पट्टा धरून चालतो. त्याला जमीन दिसते आणि पुढच्याचे पाय, तेसुद्धा काळ्या कापडात, खाली रबराचे खूर. बास. बैल बोलत नाही, म्हणून आत बोलायचं नाही हा अप्पांचा नियम. डावी टाच आपटली की चल. कोपर मागे टेकवलं की थांब. दोनदा टेकवलं की वळतोय, सांभाळ.

आणि एक गोष्ट नियमात नव्हती. शामियान्याचे खांब उचलून उचलून माझी पाठ गेलेली आहे. वाकून फार चालवत नाही. मी कुणाला बोललो नव्हतो, कारण बोललो की सगळे हसतात, मी काही सांगितलं की हसायची सवयच आहे आमच्या घरात. पण अप्पा जरा चालले की कुठेतरी थांबायचे, ढोलकं वाजू द्यायचे, तेवढ्यात मी आत जरा सरळ व्हायचो. का थांबतात ते ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

मग अप्पांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. 'ब' एवढंच येतं. पाणी हवं? ब. झोपायचं? ब. दुखतंय? ब. माझ्याकडे दाराला दोन पायऱ्या, संडास मागच्या अंगणात, म्हणून गिरीशनं त्यांना आपल्याकडे नेलं. बघायला ठेवलेली माणसं टिकायची नाहीत. एक गावाला गेला तो परत आला नाही, दुसऱ्याला फोनवरून डोकं वर काढता यायचं नाही. सगळं येऊन पडलं वैदेहीवर. कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये बोलायची आणि हातानं अप्पांची कूस बदलायची, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तिला कुणी नावं ठेवायची नाहीत. मी रविवारी जाऊन जोक सांगून परत यायचो. जोक सांगायला ताकद लागत नाही.

दोन वर्षांनी तिनंच विषय काढला. होस्कोटेच्या बाजूला म्हाताऱ्या माणसांचं एक होम आहे, चांगलं आहे, नर्स असतात. दिवाळी झाली की अप्पांना तिथे ठेवायचं. गिरीश माझ्याकडे बघत म्हणाला, "दादा, तुझं काय मत?" मी म्हटलं, "माझं मत कधी विचारता का रे? घराला मागचे पायही लागतात, तेवढाच मी." सगळे हसले. आणि ठरून गेलं.

इरानं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, या वर्षी बैल काढायचा. दोन वर्षं काढला नव्हता. "आजोबांच्या जागी बाबा."

गिरीशबरोबर पार्किंगमध्ये प्रॅक्टिस केली. काय सांगू! तो ताडताड चालायचा आणि आत बोलायचा, "दादा, लेफ्ट. दादा, स्टॉप. दादा, यू-टर्न." मी म्हटलं, "बैल आहे की ओला-उबर?" टाच-कोपर त्याला शिकवायला गेलो तर म्हणाला, "डोन्ट वरी, मॅनेज करू." शिवाय कमरेला पट्टा धरायला गेलो की पट्ट्याआधी पोट हातात यायचं. ऑफिसच्या खुर्चीनं मला धरायला मूठभर चांगली सोय करून ठेवलीय.

त्या दिवशी मालती वर फ्लॅटमध्ये अप्पांजवळ बसली. बैल तळातल्या पार्किंगमध्ये, लाइटच्या खोलीशेजारी, दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर टेकवून ठेवलेला. वैदेही लॉनवर, तिच्याकडे खाऊचं काम. इरा ढोलकं घेऊन वर रॅम्पच्या तोंडाशी उभी. गिरीशला फोन केला. म्हणाला, "दादा, क्लायंट लाइनवर आहे, तू आत शिरून रेडी राहा, मी दोन मिनिटांत आलो. उगाच पोरीला उशीर नको."

मी मागून आत शिरलो, वाकलो, तयार. जरा वेळानं पुढच्या खुर्चीचा आवाज झाला. बैलाचं तोंड वर उचललं गेलं. समोर काळे पाय आले. पट्टा हाताला लागला, धरला.

डावी टाच आपटली.

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, शाबास गिरीश! शेवटी शिकलास!

चाललो. रॅम्प चढलो. इराचं ढोलकं सुरू झालं, गुबुगुबु गुबुगुबु. पावलं बारीक, सावकाश, माझ्या पावलाला पाऊल लावून. कोपर दोनदा टेकलं, वळलो. आत एक शब्द नाही. हाताला पोट लागेना, नुसतं हाड लागत होतं, बरगडीच्या खालचं. मी मनात म्हटलं, वैदेहीनं याला काय डाएटवर घातलंय की काय! लेका, मालती म्हणते ते उगाच नाही. माणसाच्या हाताला दुसऱ्याच माणसाचं हाड लागतंय आणि हा डाएटचा विचार करतोय.

पहिल्या टॉवरपाशी बाक आहे, तिथे कोपर टेकलं. थांबलो. मी जरा सरळ झालो, पाठ कडकड वाजली. मग टाच. चाललो. पुढच्या झाडापाशी परत कोपर. परत मी सरळ झालो.

तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा माझ्या डोक्यात आलं की गिरीशला माझ्या पाठीचं माहीत नाहीये.

आलं आणि गेलं, असं नका समजू. आलं आणि बसलं. पण काय करणार? मी आत वाकलेला, बाहेर पोरांचा गोंगाट, ढोलकं. पट्टा सोडला असता तर बैल तिथेच दोन तुकडे झाला असता आणि इराचा चेहरा... आणि खरं सांगू का? मला सोडावासा वाटला नाही. पाय बघत होतो मी. उजवा पाय. डाव्याइतकाच चांगला पडत होता. ठाम, खूर नीट टेकवून. दोन वर्षं मी त्या पायाला रविवारी तेल लावत होतो.

लॉनवर पोचलो. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई माइकवर इंग्लिशमध्ये काहीतरी म्हणाल्या, पोरं गोळा झाली. प्रश्न सुरू. "विल वुई हॅव हॉलिडे टुमॉरो?" घुंगरू वाजले, म्हणजे मान हलली. पोरं ओरडली. "विल आय गेट अ डॉग?" घुंगरू. हसाहस. एका बाप्यानं विचारलं, अप्रायझल चांगलं होईल का? घुंगरू असे जोरात वाजले की लोक लोळायचे बाकी राहिले.

मग ढोलकं थांबलं. इरा मराठीत बोलली. एरवी पोरीचं मराठी अर्धं इंग्लिश असतं, पण तेव्हा सरळ बोलली.

"नंदीबाबा, सांगा... माझ्या आजोबांना होममध्ये पाठवणार का?"

लोकांना कुठे मराठी कळतंय? त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी वाट बघत होतो. पट्टा दोन्ही हातांनी धरलेला. घुंगरू वाजले नाहीत. एकदाही नाही. हे मी शपथेवर सांगतो, माझं डोकं त्या गळ्यापासून हातभर मागे होतं. पुढचा माणूस नुसता उभा. मग कोपर दोनदा माझ्या हाताला टेकलं, वळलो, आणि आल्या वाटेनं परत. ढोलकं मागून आलंच नाही.

पार्किंगमध्ये बैलाचं तोंड खाली टेकलं. आदळलं नाही, झोपलेलं पोर गादीवर ठेवतात तसं टेकलं. पट्टा हातातून निघाला कधी ते मला सांगता येणार नाही. मी वाकूनच होतो. म्हटलं, "गिरीश..." परत म्हटलं, "गिरीश?"

दुसरं नाव तोंडापर्यंत आलं होतं, ते घेतलं नाही.

मागून बाहेर आलो, पुढे जाऊन बघितलं. काळे पाय रिकामे, जमिनीवर चपटे पडलेले. पट्टा त्यांच्यावर. दोन्ही खुर्च्या एकात एक घालून भिंतीला लावून ठेवलेल्या. कार्यक्रम संपला की आम्ही लावतो तशा.

लिफ्ट उघडली आणि गिरीश धावत आला. वर इस्त्रीचा शर्ट, खाली हाफपँट, गळ्यात हेडफोन. "सॉरी दादा, सॉरी सॉरी! क्लायंट सोडतच नव्हता. चल पटकन, मी पुढे घुसतो."

मी म्हटलं, "झालं."

"काय झालं?"

"फिरून झालं. लॉनवर जाऊन आलो."

"एकटाच? मागचे पाय नुसते?" आणि हसायला लागला. मी जमिनीवरच बसलो. जन्मभर जोक केल्यावर माणसाचं हे असं होतं. खरं बोललो तरी लोक शेवटच्या ओळीची वाट बघतात.

वर गेलो. मालतीनं दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं. अप्पा झोपलेले. म्हणाली, "अहो, इतके गाढ झोपलेत की मी घाबरून नाकाशी बोट धरून बघितलं. तुम्ही असे का दिसताय?" अप्पा या वेळेला कधी झोपत नाहीत. मी त्यांचे पाय चाचपले. उजवा नेहमीसारखाच, थंड.

तेवढ्यात वैदेही आणि इरा आल्या. इरा रडत सरळ आत गेली. वैदेही माझ्यासमोर उभी राहिली. इतकी वर्षं झाली, माझ्याशी ती कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती.

"भाऊजी, तुम्हा दोघा भावांना मला काही सांगायचं होतं तर घरात सांगायचं ना. सगळ्यांसमोर पोरीला विचारायला लावायचं आणि बैलाला 'नाही' म्हणायला लावायचं?"

"बैल नाही म्हणाला?"

"मी समोर उभी होते! मान अशी अशी हलवली." तिनं हलवून दाखवली. "माझ्याकडे बघून."

आतून इरा ओरडली, "खोटं! हो म्हणाला! आजोबांना पाठवणार म्हणाला!" आणि परत हुंदके.

गिरीश म्हणाला, "एक मिनिट, एक मिनिट. मी आत नव्हतोच. मी कॉलवर होतो." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं. जसं तुम्हाला सांगितलं तसंच, टाच, कोपर, पाठ, हाड. कुणी हसलं नाही. मला तर वाटलं होतं निदान गिरीश हसेल.

त्यानं आपल्या शिकलेल्या पद्धतीनं सगळं केलं. अपार्टमेंटच्या ग्रुपवर विचारलं, बैलात कोण शिरलं होतं? दोन जणांनी 'मीच' म्हणून सांगितलं. त्यातला एक त्या दिवशी चेन्नईत होता आणि दुसरा माझ्या दीडपट रुंद, तो शिरला असता तर बैल म्हैस झाला असता. पार्किंगचा कॅमेरा बघितला. लाइटच्या खोलीकडचा कोपरा त्यात येतच नाही. रॅम्पवर दिसतो तो चार पायांचा बैल. लोकांनी काढलेले व्हिडिओ मागवले. सगळ्यांनी आपापली पोरं काढलेली. एकाच व्हिडिओत इरा प्रश्न विचारताना बैलाचं तोंड आलंय. गिरीशनं ते मोठं करून, हळू करून, दहा वेळा लावलं.

मान हललेलीच नाही. ना हो, ना नाही. बैल नुसता उभा.

वैदेहीनं ते बघितलं आणि म्हणाली, "मी बघितलंय, गिरीश." इरा म्हणाली, "मी पण." दोघींनी परत बघितलं नाही.

मला एवढंच कळलं की जिला अप्पांना पाठवायचं होतं तिला बैल नाही म्हणाला, आणि जिला ठेवायचं होतं तिला हो म्हणाला. असं का, हे मला विचारू नका. मी मागे होतो.

हे व्हिडिओबिडिओ नंतरचं. त्या संध्याकाळी मात्र वैदेही सोफ्यावर बसली आणि रडायला लागली. "मी नाही पाठवत. बास? नाही पाठवत. पण मला एक दिवस झोपू द्या कुणीतरी."

मालती घारग्यांचं ताट झाकत होती. झाकता झाकता म्हणाली, "आमच्याकडे न्या अप्पांना."

मी म्हटलं, "आपल्याकडे? अगं, आपल्याकडे मलाच कूस बदलायची तर तुला उठवावं लागतं."

"सरी, चालेल. मग तुम्ही गोडाऊनमध्ये झोपा."

झोपतो. तेव्हापासून गोडाऊनमध्येच झोपतो. दाराला फळी टाकून उतार केला, अंगणातला संडास नीट करून घेतला. वैदेही शनिवार-रविवार येते, अप्पांचं सगळं करते आणि मालतीला झोपवते. ती आता जरा हसायला लागलीय. मालती मात्र थकलीय. परवा म्हणाली, "बैल तुमचा, शेण मी काढते." मी खूप हसलो, मग तीही हसली. मग दोघांनी मिळून चादर धुतली.

लोक म्हणतात, पुण्य आहे. असेल बाबा. पुण्याला वास येतो एवढं माहीत नव्हतं.

मीही थकलोय. अप्पांना आमच्याकडे यायचं होतं का, हेही माहीत नाही. आपण धरून चालतो की म्हाताऱ्याला घरी यायचं असणार. होममध्ये नर्स होत्या, बाग होती, मी फोटो बघितलेत. इथे खिडकीतून मंडपाचे खांब दिसतात. एकदा मालतीच बोलली, भांडी घासताना, सहज. "बैलाला सगळ्यांनी विचारलं. अप्पांना कुणी विचारलं का हो?"

नव्हतं विचारलं. 'ब' शिवाय काही येत नाही त्यांना, म्हणून नव्हतं विचारलं.

मग गेल्या आठवड्यात, दुपारी, चादर बदलायची होती. अप्पांना बसवायचं असलं की मी पलंगावर त्यांच्या मागे चढतो, काखेतून हात घालून त्यांना माझ्या छातीला टेकवून धरतो, आणि मालती खालची चादर काढते. तसं धरलं होतं. हलके झालेत फार. त्यांच्या कानाशी म्हटलं, "अप्पा, त्या दिवशी बैलात पुढे तुम्ही होतात का?"

'ब' आलं नाही. 'ब' सुद्धा नाही.

म्हटलं, "पोरीनं विचारलं तेव्हा तुम्हाला काय सांगायचं होतं? तुम्हाला यायचं होतं का इकडे? की होममध्येच बरं होतं?"

त्यांची पाठ हलायला लागली. माझ्या छातीला लागत होती म्हणून कळलं. आधी बारीक, मग चांगलीच हलायला लागली, खांद्यांपासून. आवाज नाही. आता अप्पा हसले तरी असेच हलतात आणि रडले तरी असेच हलतात, झटक्यापासून तोंडाची एकच बाजू चालते ना, आवाज काही फुटत नाही. मागून काही कळत नाही.

पुढे जाऊन तोंड बघितलं असतं तर कळलं असतं. त्यांना उशीला टेकवायचं आणि दोन पावलं पुढे जायचं, एवढंच काम होतं. मालती पलीकडून विचारत होती, "काय हो? काय झालं? काय म्हणतायत अप्पा?"

म्हटलं, "काही नाही. तू त्या बाजूनं चादर ओढ."